न हलवता मोजायची माती

माती परीक्षण म्हटलं की आपल्याकडे आठवतो तो शेतकऱ्यानं पिशवीत भरून आणलेला अर्धा किलोचा नमुना. शेतात नागमोडी चालत जागोजाग ‘व्ही’ आकाराचे खड्डे घ्यायचे आणि त्यांच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत तासून गोळा करायची. ती सगळी एकत्र कालवून गोणपाटावर पसरायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेल्या मातीचं पुन्हा तेच करायचं आणि असं करत अर्ध्या किलोवर यायचं. मग सावलीत वाळवणं, ढेकळं फोडणं, चाळणं. स्फुरद, पालाश, सामू यांचं या सगळ्या कुटाकुटीनं फारसं काही बिघडत नाही, कारण तिथं प्रश्न मातीत काय आहे एवढाच असतो.

पायाचं काम करणाऱ्या इंजिनिअरचा प्रश्न वेगळा. ही माती किती भार पेलेल, किती खचेल, कधी घसरेल, हे त्याला हवं असतं, आणि त्याचं उत्तर मातीचे कण एकमेकांवर कसे बसलेत यात दडलेलं असतं. माती कुटली की ते उत्तर नाहीसं होतं. काही मातींच्या बाबतीत तर कुटायचीही गरज नसते. जमिनीतून वर काढताना जरा धक्का बसला तरी पुरे. नॉर्वेतली चिकणमाती हे याचं टोकाचं उदाहरण. तिला न हलवता मोजायचं कसं, या एका प्रश्नापायी तिथं उपकरणांची एक मालिका घडली आणि ती जगभर विकणारी एक कंपनी उभी राहिली. तिचं नाव जिओनॉर.

या कंपनीची यंत्रं समजायची तर आधी ती माती समजायला हवी.

२९ एप्रिल १९७८. मध्य नॉर्वेतल्या रिस्सा इथं बॉटनेन नावाच्या तळ्याकाठी एका शेतकऱ्यानं गोठ्याच्या वाढीव बांधकामासाठी खोदलेली सुमारे ७०० घनमीटर माती किनाऱ्यावर नेऊन टाकली होती. तेवढ्या वजनानं किनाऱ्याची एक पट्टी तळ्यात गेली. मग तिच्या मागची माती आधार गेल्यानं सुटली, मग तिच्या मागची, आणि थोड्या वेळात जवळजवळ सपाट शेतजमिनीचा ३,३०,००० चौरस मीटरचा तुकडा पातळ होऊन तळ्यात ओतला गेला. पन्नास ते साठ लाख घनमीटर माती. तिच्यावर घरं तरंगत गेली. त्या टापूत चाळीसेक माणसं होती. एक दगावलं, बाकीची वाचली. हौशी कॅमेऱ्यांनी हे टिपलं आणि त्या चित्रणातून पुढं झालेला माहितीपट आजही जगभरच्या वर्गांत दाखवतात.

आपल्याला दरड म्हटलं की माळीण आठवतं: तीव्र डोंगरउतार, मुरमाचा सैल थर आणि कोसळणारा पाऊस. रिस्सामध्ये असा डोंगर नव्हता. जमीन पाहून कुणाला शंका यावी असं तिथं काहीही दिसत नव्हतं, आणि या मातीबद्दल मला सगळ्यांत भीतीदायक वाटतं ते हेच. १८९३ मध्ये वेर्डाल इथं अशाच घसरणीत ११६ माणसं गेली. अलीकडे, ३० डिसेंबर २०२० च्या पहाटे, ओस्लोजवळच्या येरड्रुममध्ये घरं खाली गेली आणि दहा जण मरण पावले. तिथं एका ओढ्यानं वर्षानुवर्षं आपला काठ आणि तळ खरवडल्याचं चौकशीत पुढं आलं.

असं का होतं? हिमयुगात हिमनद्यांनी खडक दळून त्याचं पीठ केलं आणि ते समुद्रात नेऊन टाकलं. खाऱ्या पाण्यात या बारीक चपट्या कणांमधलं एकमेकांना दूर लोटणारं बळ कमी पडतं. ते एकमेकांना चिकटतात, एकाची कड दुसऱ्याच्या पाठीला असे अस्ताव्यस्त बसतात आणि मधल्या पोकळ्यांत भरपूर पाणी कोंडतात. पुढं बर्फ वितळलं, त्याचं ओझं उतरलं आणि जमीन हळूहळू वर आली. ओस्लोच्या परिसरात जुन्या समुद्राची खूण आजच्या पातळीपेक्षा २०० मीटरहून उंच सापडते. म्हणजे समुद्राचा तळ आता शेत झाला, गाव झाला. त्यानंतर हजारो वर्षं पावसाचं आणि भूजलाचं गोडं पाणी त्या थरांतून झिरपत राहिलं आणि मीठ धुऊन नेत राहिलं. कणांची मांडणी जशीच्या तशी राहिली. तिला धरून ठेवणारं मीठ मात्र गेलं. इवान रोसेनक्विस्ट या नॉर्वेजियन भूवैज्ञानिकानं विसाव्या शतकाच्या मध्यावर हे कोडं उलगडलं. अशा मातीला क्विक क्ले म्हणतात. जागच्या जागी असेपर्यंत ती घट्ट असते. एकदा ढवळली की कण पुन्हा एकमेकांना धरत नाहीत, आणि आत कोंडलेलं पाणी तर इतकं असतं की सगळा गोळा ताकासारखा ओतता येतो. प्रयोगशाळेत ढवळून पातळ केलेल्या या मातीत चमचाभर मीठ घालून घोटलं की ती बघता बघता पुन्हा घट्ट होते. रोसेनक्विस्टचं म्हणणं पटवायला याहून चांगला प्रयोग नाही.

मातीच्या घसरण्याला होणाऱ्या विरोधाला शिअर स्ट्रेंग्थ म्हणतात. न हललेल्या मातीची ताकद आणि तीच माती मळल्यावर उरणारी ताकद यांचं गुणोत्तर म्हणजे तिची सेन्सिटिव्हिटी. साध्या चिकणमातीत ते दोन-चार असतं. क्विक क्लेमध्ये ते तीस-पन्नासच्या पुढं, कधी शंभराच्याही पुढं जातं. मळल्यावर ताकद अर्ध्या किलोपास्कलच्या खाली, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम पन्नास किलोच्या खाली उतरली, तर ती माती क्विक, अशी नॉर्वेत बरीच वर्षं वापरात असलेली व्याख्या आहे.

हे मोजायचं पहिलं चांगलं साधन शेजारच्या स्वीडनमध्ये झालं. तिथल्या रेल्वेचे भराव वारंवार घसरत होते, म्हणून १९१४ ते १९२२ या काळात रेल्वेच्या एका आयोगानं या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. आयोगाचं काम चालू असतानाच, १ ऑक्टोबर १९१८ रोजी येटो इथं रुळाखालचा भराव गेला आणि आगगाडी खाली कोसळून चाळीसहून जास्त प्रवासी मेले. आयोगाचे सचिव जॉन ओल्सन यांनी शंकूची चाचणी बसवली. ती इतकी सोपी आहे की पहिल्यांदा बघणाऱ्याला हे खरंच शास्त्र आहे का असं वाटावं. मातीचा नमुना गुळगुळीत कापून ठेवायचा. ठरावीक वजनाचा आणि ठरावीक कोनाचा धातूचा शंकू त्याच्या पृष्ठभागाला टोकानं नुसता टेकेल असा धरायचा. खटका सोडायचा. शंकू आत किती मिलिमीटर रुतला ते वाचायचं. मग तीच माती मळून वाटीत भरायची आणि पुन्हा तेच करायचं. माती फारच पातळ झाली असेल तर १०० ग्रॅमऐवजी ६० किंवा १० ग्रॅमचा शंकू घ्यायचा. काही मिनिटांत दोन आकडे हातात येतात आणि सेन्सिटिव्हिटी कळते. जिओनॉरच्या यादीत हे उपकरण ठळक राहिलं. आपल्याकडच्या सिव्हिलच्या विद्यार्थ्यांनाही शंकू परका नाही. कॅसाग्रांदेच्या पितळी वाटीचे पंचवीस ठोके मोजून कंटाळलेला विद्यार्थी द्रवमर्यादेसाठी कोन पेनेट्रोमीटरकडे वळतो, तो याच कुळातला.

१९५३ मध्ये नॉर्वेची भूतांत्रिक संस्था सुरू झाली. एनजीआय या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. पहिले संचालक लाउरिट्स ब्येरम, जन्मानं डॅनिश, तेव्हा पस्तिशीतले. त्याच वर्षी ओस्लोच्याच बेकेलागेट भागात क्विक क्ले घसरली आणि संस्थेला दारातच अभ्यासाला प्रकरण मिळालं. मृदा यांत्रिकीचे जनक कार्ल टर्झागी यांचा ब्येरमवर मोठा जीव होता. टर्झागींच्या कागदपत्रांचं ग्रंथालय आज एनजीआयमध्ये आहे, यावरून ते नातं कळतं. संस्थेला जी उपकरणं हवी होती त्यांतली बरीचशी बाजारात मिळतच नव्हती. मग ती तिथंच आखली जाऊ लागली. दुसऱ्या देशांतले लोकही ती मागू लागले, तेव्हा ती विकण्यासाठी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जिओनॉर ही कंपनी उभी राहिली.

या घडणीमुळे कंपनीचा स्वभाव ठरला असं मला वाटतं. उपकरण वापरणारा आणि उपकरण घडवणारा एकाच गावात होते. एखादा दांडा घासतोय, एखादी नळी नमुना चिरडतेय, हे सांगायला पत्रव्यवहार लागत नव्हता.

पहिली अडचण नमुन्याची. जाड नळी मातीत ठोकली तर नळीच्या भिंतीएवढी माती बाजूला सारली जाते आणि आतली माती मळली जाते. म्हणून ५४ मिलिमीटर व्यासाची, पातळ भिंतीची नळी आली आणि तिच्या तोंडाशी दट्ट्या बसवला. नळी खाली जाताना दट्ट्या तोंड बंद ठेवतो, त्यामुळं वरची खरवड आत शिरत नाही. हव्या त्या खोलीवर दट्ट्या जागीच धरायचा आणि नळी एका दमात, न ठोकता, खाली दाबायची. वर काढताना दट्ट्याखालच्या पोकळीमुळं नमुना निसटत नाही. एनजीआयचा हा ५४ मिलिमीटरचा सॅम्पलर पुढं कित्येक वर्षं नॉर्वेत मापदंडच ठरला. नंतर कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या शेरब्रूकमध्ये २५ सेंटिमीटर व्यासाचा अख्खा ठोकळा जमिनीत कोरून काढण्याची पद्धत निघाली. तशा ठोकळ्यांशी तुलना केल्यावर दिसलं की ५४ च्या नळीतही नमुना बराच दुखावतो आणि माती आहे त्याहून कमजोर दिसते. क्यूबेकची माती नॉर्वेच्या मातीची सख्खी बहीणच, म्हणून ही सुधारणा तिथून आली यात नवल नाही.

नमुना दुखावणारच असेल तर त्याला वर कशाला आणायचं? माती जिथं आहे तिथंच मोजू, असा दुसरा मार्ग म्हणजे व्हेन. चार पात्यांची फुली, उंची रुंदीच्या दुप्पट, उदाहरणार्थ ६५ बाय १३० मिलिमीटर. ही फुली मातीत रुतवायची आणि वरून पीळ द्यायचा. मातीचा दंडगोल कापला जाईल त्या क्षणीचा पीळ वाचायचा. कल्पना जुनी आहे, आणि स्वीडनमध्ये १९५० पर्यंत तिचं शास्त्र नीट बसलं होतं. जिओनॉरच्या व्हेन बोअररची खुबी त्याच्या बांधणीत आहे. फुली खाली जाताना एका बुटासारख्या आवरणात लपलेली असते, म्हणजे दगडगोट्यांनी पाती वाकत नाहीत. ठरलेली खोली आली की फुलीच तेवढी अर्धा मीटर पुढं, बुटानं न हललेल्या मातीत सरकवायची. पीळ देणारे दांडे बाहेरच्या नळ्यांतून जातात, त्यामुळं वीस मीटरच्या मातीचं दांड्यांना होणारं घर्षण आकड्यात मिसळत नाही. पीळ अगदी सावकाश द्यायचा, मिनिटाला साधारण बारा अंश; या गतीनं एक फेरा पुरा व्हायला अर्धा तास लागेल. माती मात्र काही अंशांतच हार मानते. मग फुली भराभर पंचवीस फेरे फिरवून माती मळायची आणि उरलेली ताकद मोजायची.

ब्येरम यांची थोरवी इथं दिसते. संस्थेच्या नावाशी जोडलेल्या, जगभर विकल्या जाणाऱ्या चाचणीबद्दल त्यांनीच सांगितलं की तिचा आकडा आहे तसा वापरू नका. जगात ठिकठिकाणी मऊ मातीवर भराव घालताना कोसळले होते. व्हेनचा आकडा धरून गणित केलं तर ते उभे राहायला हवे होते. ब्येरम यांनी ही प्रकरणं एकत्र मांडली आणि १९७२ मध्ये दुरुस्तीचा एक आलेख दिला. कारणं दोन. एक, व्हेन काही मिनिटांत माती कापतो, भराव मात्र आठवडे-महिने तिच्यावर बसून असतो, आणि सावकाश ताणली गेलेली चिकणमाती लवकर हार मानते. दोन, व्हेन मुख्यतः उभ्या पृष्ठभागावर कापतो, तर घसरणीचा पृष्ठभाग वक्र असतो आणि मातीची ताकद सगळ्या दिशांना सारखी नसते. माती जितकी जास्त चिकट, म्हणजे तिचा प्लास्टिसिटी इंडेक्स जितका मोठा, तितकी कपात जास्त. कमी चिकट मातीत जवळजवळ शून्य, तर फार चिकट मातीत थेट चाळीस टक्क्यांपर्यंत. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, ब्येरम गेले. तो आलेख आजही रोजच्या कामात आहे.

सिंपल शिअरच्या यंत्राबद्दल थोडक्यात सांगतो. मातीची चकती रबरी पिशवीत घालायची. पिशवीत तारेची वेटोळी गुंफलेली, म्हणजे चकती बाजूला फुगत नाही, नुसती तिरकी होते. १९६६ मध्ये ब्येरम आणि लांडवा यांनी क्विक क्लेवरचे असे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढं उत्तर समुद्रात तेल सापडलं, आणि १९७३ मध्ये एकोफिस्कच्या तेलक्षेत्रात ७० मीटर पाण्यात काँक्रीटची महाकाय टाकी समुद्रतळावर बसवली गेली. अशा बांधकामाखालच्या मातीला वादळी लाटा हजारो वेळा पुढंमागं ढकलतात. तिचं काय होईल हे पाहायला तेच यंत्र कामी आलं.

आता कंप पावणाऱ्या तारेकडे येतो, कारण जिओनॉरच्या कहाणीतला सगळ्यांत देखणा भाग तोच आहे. १९५० च्या दशकात ओस्लोमध्ये भुयारी रेल्वेसाठी मऊ चिकणमातीत खोल चर खणले जात होते. दोन्ही बाजूंना पोलादी पत्रे ठोकलेले, मधे आडवे टेकू. त्या टेकूंवर प्रत्यक्षात किती जोर येतो? माती आणि टेकू यांच्यात काय चाललंय ते काम चालू असताना, चिखलात, महिनोन्महिने मोजायचं होतं. विजेच्या साध्या मापकांचा भरवसा नव्हता. केबल ओली झाली, लांबली की व्होल्टेज बदलतं आणि आकडा खोटा येतो. उपाय होता ताणलेली पोलादी तार. तंबोऱ्याची खुंटी पिळली की सूर चढतो, तसंच हे: टेकूवर जोर आला की त्याला जोडलेल्या तारेचा ताण बदलतो आणि तिची कंपनसंख्या बदलते. विद्युतचुंबकानं तार छेडायची आणि तिची सेकंदाची कंपनं मोजायची. केबल शंभर मीटर असो की हजार, ओली असो की कोरडी, कंपनांची संख्या तीच पोचते. तत्त्व ओस्लोचं नव्हे. फ्रान्समध्ये आंद्रे कोयन यांनी धरणांच्या काँक्रीटमध्ये अशा तारा १९३० च्या दशकातच पुरल्या होत्या. एनजीआयनं ते चिखलात टिकाऊ केलं. ग्रोन्लांड, व्हाटरलांड या भागांतल्या चरांची मोजमापं १९६२ मध्ये अहवालांच्या रूपानं बाहेर आली. मऊ मातीतल्या टेकूंवर येणाऱ्या जोराबद्दल तेव्हापासून जगभर जे शिकवलं जातं, त्यात या आकड्यांचा मोठा वाटा आहे. मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारे पिझोमीटरही याच तारेवर आले.

आणि मग ही तार मातीतून बाहेर पडली. एनजीआय हिमस्खलनाचाही अभ्यास करते, आणि त्यासाठी डोंगरावर माणूस नसताना किती हिम पडलं हे कळायला हवं होतं. नेहमीचे पर्जन्यमापक हिमात गोठतात, तुंबतात. उपाय असा निघाला की बादली कंप पावणाऱ्या तारेला टांगायची. हिम पडो वा पाऊस, बादली जड होते, तार ताणली जाते, सूर बदलतो. बादलीत गोठू नये म्हणून द्रव आणि वाफ होऊ नये म्हणून तेलाचा पातळ थर. ८० च्या दशकात हा मापक आला. वरचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर, बादली १२ लिटरची, म्हणजे ६०० मिलिमीटर पावसाची. आज अमेरिकेचं हवामान संदर्भ जाळं पाऊस आणि हिम मोजतं ते जिओनॉरच्या याच मापकानं, एकेका बादलीला तीन-तीन तारा लावून, म्हणजे एक तार बिघडली तर बाकीच्या दोन तिला उघडं पाडतात. जगात कितीतरी हवामानतज्ज्ञांना जिओनॉर हे नाव फक्त पर्जन्यमापकाचं म्हणून ठाऊक आहे.

या यंत्रांचा आपल्याशी संबंध येतो तो किनाऱ्यावर. न्हावा शेवा, उलवे, ठाण्याच्या खाडीचा काठ इथं मऊ सागरी चिकणमातीचे जाड थर आहेत. ही माती क्विक नाही. आपली जमीन हिमाचं ओझं उतरून शेकडो मीटर वर आलेली नाही, त्यामुळं इथली माती अजून खाऱ्या पाण्यातच भिजलेली आहे आणि तिचं मीठ शाबूत आहे. रिस्सासारखं ती ओतली जाणार नाही. पण तिच्यावर भराव घालायचा तर ताकद मोजावीच लागते, आणि जागेवरची व्हेन चाचणी हाच त्याचा नेहमीचा मार्ग. भारतीय मानकातही ती आहे. ब्येरमच्या आलेखाचा खरा कस अशा ठिकाणी लागतो. नॉर्वेची क्विक क्ले कमी चिकट असल्यानं तिथं व्हेनचा आकडा जवळपास तसाच चालतो. आपली किनाऱ्यावरची माती बरीच जास्त चिकट, त्यामुळं तोच आकडा इथं चांगलाच कापून घ्यावा लागतो. यंत्र तेच, आकडा तोच, अर्थ वेगळा. हे ध्यानात न घेता परदेशी तक्त्यातून आकडे उचलणं म्हणजे कोसळण्याला आमंत्रणच.

म्हणून बंदराच्या यार्डासाठी भराव घालताना तो एका दमात घालत नाहीत. मातीत उभ्या निचरापट्ट्या रोवतात, भरावाचा पहिला टप्पा टाकतात आणि थांबतात. खाली पुरलेले पिझोमीटर पाण्याचा दाब सांगत राहतात. तो पुरेसा उतरला, जमीन अपेक्षेइतकी बसली आणि पुन्हा घेतलेल्या व्हेन चाचणीत माती घट्ट झाल्याचं दिसलं, तरच पुढच्या टप्प्याचे डंपर आत सोडतात.